क्लोरोबेंझीनचे ड्रम: तळोज्याला पाठवावेत की सेलमध्ये घालावेत?

टीटीसीतल्या (नवी मुंबईच्या ट्रान्स-ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यातल्या) छोट्या युनिटांच्या मागच्या शेडमध्ये वापरलेल्या क्लोरोबेंझीन या क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचे ड्रम साचत जातात. आजवरचा सरळ रस्ता म्हणजे मॅनिफेस्ट (धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीचा फॉर्म) भरायचा आणि माल जाळायला तळोज्याच्या सामायिक केंद्राकडे रवाना करायचा. हल्ली ‘सेलमध्ये, म्हणजे विजेने अभिक्रिया घडवणाऱ्या भांड्यात घाला, कार्बन डायऑक्साइड सोडा, वीज लावा आणि त्याचं बेंझोइक आम्ल करा’ असं सुचवणारेही भेटतात. ऐकायला झकास. हिशेब मांडून बघू.

रसायन खरंच देखणं आहे. कॅथोडवर दोन इलेक्ट्रॉन मिळाले की क्लोरीन सुटतो, उरलेला फिनाइल ॲनायन (ऋणभारित तुकडा) विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडला धरतो आणि कार्बोक्झिलेट, म्हणजे आम्लाचं ऋणभारित रूप, बनतं. ॲनोड मॅग्नेशियमचा. तो स्वतः झिजतो आणि त्याचे आयन कार्बोक्झिलेटला सांभाळून घेतात. झिजणाऱ्या ॲनोडची ही युक्ती १९८०च्या दशकातली.

एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं धरलं, तरी किलोभर क्लोरोबेंझीनला ४७६ अँपिअर-तास लागतात. सेलला १० व्होल्ट धरा: पावणेपाच युनिट वीज, वर २१६ ग्रॅम मॅग्नेशियम. हाती येतं १.०८ किलो बेंझोइक आम्ल, जे टोल्युइन हवेने ऑक्सिडाइझ करून कितीतरी स्वस्तात मिळतं. आणि इलेक्ट्रॉन वाया जातातच, कारण साध्या कॅथोडवर क्लोरोबेंझीनच्या आधी कार्बन डायऑक्साइडचंच क्षपण होतं. हरितपणाचं म्हणाल तर ३९१ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. ग्रिडच्या विजेमागे युनिटला ०.७ किलो धरा, म्हणजे तीन किलोंहून जास्त बाहेर पडतो!

खरी गोम पाण्यात आहे. ज्यात हे सगळं विरघळवतात ते सॉल्व्हंट, डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड), कोरडं नसेल तर ॲनायन प्रोटॉन उचलतो आणि आम्लाऐवजी बेंझीन होतं. जुलैत ठाणे-बेलापूर रोडच्या दमट हवेत डीएमएफचं पिंप तासभर उघडं ठेवून बघा.

बेंझीनच करायचं असेल तर सेल कशाला? पॅलेडियम-कार्बन या उत्प्रेरकावर किलोमागे १८ ग्रॅम हायड्रोजन पुरतो, जोडीला कॉस्टिक. मात्र मालात गंधक असेल तर पॅलेडियम मरतं, आणि बेंझीन कर्करोगकारक. ते पुढे कुठे खपवणार, हे आधी ठरवा.

तळोज्याच्या रस्त्याचं बघू: जाळण्याला ११०० अंश तापमान आणि दोन सेकंदांचा मुक्काम लागतो. धूर झटकन थंड केला नाही तर २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन तयार होतात, म्हणून हे काम स्वतःच्या आवारात करायचं नाही. पण मळका, ओला, चार सॉल्व्हंट मिसळलेला माल तळोज्याच्या भट्टीतच चालतो. ऊर्ध्वपातनाच्या तळाशी उरतं ते असंच असतं, तेव्हा ते तळोज्यालाच जाऊ द्या.

सेलचा पायलट मी एकाच बाबतीत लावेन: संयुग एकच, शुद्ध, एका क्लोरीनचं, आणि त्याचं आम्ल महाग विकलं जाणारं. ट्रायक्लोरोबेंझीनला सगळे क्लोरीन काढायचे तर रेणूमागे वीज तिप्पट, आणि हाती आम्लांची खिचडी. उपकरणवाला आला की उताऱ्याचे (किती टक्के आम्ल हाती येतं त्याचे) आकडे ऐकून घ्या, पण आधी विचारा की डीएमएफ आणि त्यातून वीज वाहावी म्हणून घातलेलं टेट्राब्युटिलअमोनियमचं मीठ किती परत मिळतं. राहिलेलं डीएमएफ सीईटीपीच्या (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) पाण्यात गेलं, तर नायट्रोजनचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.