५,५७,७१२ रुपयांचा सोळा मिलिमीटर रस्ता

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. पाच लाख सत्तावन्न हजार सातशे बारा रुपये. आमच्या सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून गेले आणि आरटीजीएसच्या दोन्ही फॉर्मवर ज्या दोन सह्या आहेत त्यातली एक माझी. मी खजिनदार. नोकरी सगळी बँकेत झाली, लोकांच्या कर्जाच्या फायली तपासण्यात. त्यामुळे हल्ली पार्किंगमधून जाताना काय काय कानावर पडतं ते विचारू नका.

आम्हाला फसवणाऱ्या रस्त्याच्या कंत्राटदाराचं नाव इथे देत नाही, वकिलांनी बजावलंय. पण पद्धत सांगायला कोणाची बंदी नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. आतला रस्ता १३,००० चौरस फूट, बिल्डरने करून दिलेला. खाजगी रस्ता, म्हणजे महापालिका त्याला हात लावणार नाही, खर्च आपलाच. फेब्रुवारीत आमच्या कोपऱ्यावरच्या मुख्य रस्त्याचं कार्पेट, म्हणजे डांबराचा नवा थर टाकायचं काम, चाललं होतं. पेव्हर, रोलर, डंपर, सगळा लवाजमा. त्यातच एक जण फ्लोरोसंट जॅकेट घालून आमच्या ऑफिसात आला. "साहेब, मशिनरी इथेच उभी आहे, आणण्या-नेण्याचा खर्च वाचेल तुमचा." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. शेजारी खरं काम चाललेलं असतं आणि तो त्या कामाचा कोणीही नसतो.

माझा खरा संताप कशावर आहे सांगू? तो खोटं फारसं बोललाच नाही. म्हणाला, रस्ता चांगला असतानाच त्याच्यावर खर्च करायचा असतो. केसाएवढ्या भेगा पडल्या की त्यातून पाणी आत जातं, खालचा मुरूम भिजतो, खडी सुटते आणि मग एका पावसाळ्यात रस्ता बसतो. शब्द न् शब्द खरा. कोणताही रस्त्याचा इंजिनिअर हेच सांगेल. फक्त त्या टप्प्यावरचं औषध स्वस्त असतं: भेगा साफ करून गरम डांबराने भरायच्या, फार तर वरून सीलकोट, म्हणजे डांबराचा पातळ लेप, मारायचा. आमच्या रस्त्याला तेवढंच पुरलं असतं. पण निदान बरोबर करून हा ऑपरेशन विकणारा डॉक्टर निघाला. तीस मिलिमीटरचं पूर्ण कार्पेट आमच्या गळ्यात मारलं.

वर जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण. १९७६ साली झालेला, रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी दिलेला आणि हमी संपून कित्येक वर्षं झाली तरी खड्डा न पडलेला रस्ता. हे ऐकून न विरघळणारा पुणेकर दाखवा मला. "तुम्हाला पाच वर्षांची देतो, ५०० च्या स्टॅम्पवर." दिली ना! तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर रस्त्याची जाडी कुठेही लिहिलेली नाही. जाडी कोटेशनवर आहे, हमीच्या कागदावर नाही. तुमच्या कागदात जाडी "दाबल्यानंतरची" अशी लिहून घ्या, नाहीतर सुटा माल पसरताना पट्टी लावून तीस दाखवतात.

आता जे म्हणतात ना की कमिटी झोपली होती, त्यांच्यासाठी. तीन दरपत्रकं घेतली होती. एक ५८ रुपये चौरस फूट, एक ५५, याचं ४२. आमसभेत ठराव झाला, तेव्हा वर्गणी न वाढवता काम होतंय म्हणून टाळ्या पडल्या होत्या. आज बोटं दाखवणारे हात तेव्हा वर होते. ४२ च्या दराने ५,४६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९८,२८०, एकूण ६,४४,२८०. चाळीस टक्के ॲडव्हान्स म्हणजे २,५७,७१२. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, महाराष्ट्राचाच, दिसायला चोख. तो पोर्टलवर टाकून बघायला मिनिटभर लागतं आणि लॉगिनही लागत नाही. कामानंतर टाकला तेव्हा नोंदणी रद्द झाल्याचं दिसलं, आणि तीही आमच्या बिलाच्या बरीच आधी.

कामाच्या दिवशी सकाळी फोन. प्लांटला पैसे भरल्याशिवाय डंपर सुटत नाही, तीन लाख टाका. बाकीचे काम झाल्यावर. गेटवर माणसं उभी, रोलर उभा, मुलांच्या सायकली, गाड्या सगळ्या बाहेर काढून ठेवलेल्या. ३,००,००० टाकले. तुम्ही काय केलं असतं ते आता घरबसल्या सांगू नका.

मग पहिला डंपर आला. फाळका उघडला, माल पडला. बी विंगमधल्या काकू गॅलरीतून बघत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "अहो, धूर कसा नाही निघत? त्या मोठ्या रस्त्यावर तर केवढा निघायचा!" मी वर बघून हाताने खूण केली, थांबा म्हणून. मीच. त्या एका वाक्यात अख्खी फसवणूक उघडी पडली होती आणि ती बोलणाऱ्या बाईला मी गप्प केलं. मुकादम हसत म्हणाला, "काकू, आता नवीन टेक्निक आहे, कमी धूर, पर्यावरण." मला तेव्हा तो हजरजबाबी वाटला.

हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबरात घोळलेली खडी, पसरताना १४० अंशांच्या आसपास असावं लागतं आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलर फिरवून संपवावा लागतो. आमच्या मालात ढेकळं होती, मजूर ती फावड्याने फोडत होते. थंड मालावर रोलर कितीही फिरवा, वरून गुळगुळीत दिसतं, आत दाबलं जात नाही. लांबून तापमान दाखवणारी थर्मामीटरची बंदूक हजार-बाराशेला मिळते. सहा लाखांच्या कामाला ती विकत घ्या, मला शिव्या देऊन घ्या, पण घ्या.

टॅक कोटचंही तेच. जुन्या थरावर नवा थर चिकटावा म्हणून इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, मारतात. ते मारताना तपकिरी असतं, पाणी उडालं की काळं होतं आणि तेव्हाच वर माल टाकायचा. इथे रस्ता झाडलासुद्धा नव्हता. भोकं पाडलेल्या डब्यातून पातळ चहासारखं काहीतरी शिंपडलं आणि लगेच माल लोटला. संध्याकाळी "फिनिशिंग" म्हणून काळं काहीतरी फवारलं. रस्ता असा चकाकला की लोकांनी फोटो काढले. वास गॅरेजमधल्या जळक्या ऑईलचा होता. ऑईलने डांबर उलट मऊ पडतं.

आणि डंपर तीनच आले. हे गणित कोणालाही येतं, फक्त करायला हवं. १३,००० चौरस फूट म्हणजे साधारण १,२०८ चौरस मीटर. त्याला तीस मिलिमीटर थर म्हणजे छत्तीस घनमीटर, आणि दाबलेल्या मालाचं वजन घनमीटरला २.३ टन धरलं तर ८३ टन. तीन डंपर काठोकाठ भरले तरी पन्नास टन. वजनकाट्याच्या पावत्या मागितल्या तर "उद्या देतो." दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आले, पाच पावत्यांचे. त्यातल्या दोन एकाच गाडीच्या, वेळेत बारा मिनिटांचा फरक. गाडी प्लांटवरून आमच्याकडे येऊन रिकामी होऊन परत जायला दोन तास लागतात. पावती गाडीबरोबरच यायला हवी, फाळका उघडायच्या आत. नंतर आलेली पावती म्हणजे रद्दी.

उरलेले ८६,५६८ रुपये आम्ही रोखून धरले होते आणि त्याचा कमिटीला केवढा अभिमान! पाऊस बघू, मग देऊ. तो ते मागायला आलाच नाही. हक्काचे शहाऐंशी हजार जो सोडून देतो त्याने आधीच किती कमावलं असेल, हे निवृत्त बँकवाल्याला कळायला हवं होतं म्हणता? म्हणा.

जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात गेटजवळचा कडेचा तुकडा सुटला. मी बोटांनी उचलला तर पापुद्र्यासारखा वर आला, हातभर लांब. खाली धूळ तशीच, आणि जुन्या स्पीडब्रेकरचा पिवळा पट्टा जसाच्या तसा, घासून पुसल्यासारखा. नातवाच्या कंपासमधली पट्टी लावली. चौदा मिलिमीटर. ड्रेनेजच्या दोन चेंबरची झाकणं याच थराखाली गाडली होती. ती सापडेपर्यंत सी विंगच्या पार्किंगमध्ये पाणी.

खाजगी लॅबकडून कोअर, म्हणजे रस्त्याला भोक पाडून काढलेले गोल नमुने, काढून घेतले, त्याचे ११,८०० वेगळे. सरासरी जाडी सोळा मिलिमीटर. डांबराचं प्रमाण ३.७ टक्के, जे बीसीच्या (बिट्युमिनस काँक्रीट, वरच्या डांबरी थराच्या) कामात पाचच्या वर लागतं.

हा अहवाल घेऊन पोलीस चौकीत गेलो. "काम झालंय ना? मग फसवणूक कशी? ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." बनावट पावत्या दाखवल्या, रद्द झालेला जीएसटी नंबर दाखवला. साहेब मोबाईलवरून नजर न काढता म्हणाले, "काका, सोसायटीतलं राजकारण आहे का काही?" राजकारण! १ जुलै २०२४ पासून ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आलं, पण टेबलापलीकडचं वाक्य तेच राहिलं. साधी पोच मागितली तर अर्जावर शिक्का मारायला शाई नव्हती.

वॉर्ड ऑफिस म्हणालं, अंतर्गत रस्ता आमच्या अखत्यारीत नाही. अहो, रस्ता करून मागत नाहीये, तुमच्या कामाचं नाव सांगून तो हिंडतोय, एवढं तरी बघा. "लेखी द्या." लेखी दिलं. ते पथ विभागाकडे गेलं, तिथून परत वॉर्डाकडे. खड्ड्यांवरून मुंबई उच्च न्यायालय २०१३ पासून महापालिकांचे कान धरतंय, पण ते सार्वजनिक रस्त्यांसाठी. आम्ही कर भरतो सार्वजनिक आणि बुडतो खाजगी. सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयाने तर कमालच केली. कंत्राटदार आमच्या कक्षेत येत नाही म्हणाले आणि दरपत्रकं, ठराव, इतिवृत्त सादर करा असं पत्र आम्हालाच पाठवलं. जीएसटीवाल्यांना सांगितलं की तुमच्या नावाने ९८,२८० रुपये लावलेत, तुमच्याच खिशात हात घातलाय. "पोर्टलवर टाका." टाकलंय.

चौकीत गुन्हा घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी तक्रार पाठवा, स्पीड पोस्टाने, पावती जपून ठेवा. त्यानंतर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आमचा अर्ज तिथे आहे.

मधे धायरीच्या एका सोसायटीतून एका ताईंचा फोन आला. कंत्राटदाराने संदर्भ म्हणून माझा नंबर दिला होता, माझ्याच नावासकट. त्यांनी आधी फोन केला म्हणून वाचल्या. तो माहितीपत्रक वाटतोय आणि त्यात पिवळ्या गेटासमोरचा चकचकीत काळा रस्ता आहे. तो आमचा, पहिल्या संध्याकाळचा. तुमच्याकडे ते पत्रक आलं असेल तर मला कळवा, आजचा फोटो पाठवतो. आणि कृपा करून पत्रकाचाही फोटो मला पाठवा, वकिलांना हवाय.