लक्षद्वीपच्या आधी दोन रात्री: जुन्या जहाजाची चाचणी

आई-वडिलांना जहाजाने लक्षद्वीपला न्यायचे ठरल्यावर मी आधी त्याच जहाजाची शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ अशी दोन रात्रींची फेरी त्यांच्यासह करून पाहिली. वडील ७८ वर्षांचे, आई ७४ वर्षांची आणि तिचा एक गुडघा बदललेला. पाच रात्रींचे पैसे भरून बसल्यावर भर समुद्रात परत फिरण्याची सोय नसते. चाचणीची फेरी नोव्हेंबरात झाली, लांबची फेब्रुवारीत. दोन्हींना आता काही महिने लोटले आहेत, त्यामुळे चाचणीने काय नेमके सांगितले आणि काय सांगितलेच नाही, हे शांतपणे लिहिता येते.

जहाज ‘एम्प्रेस’. फ्रान्समधल्या गोदीत बांधलेले हे जहाज १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियन या परदेशी क्रूझ कंपनीच्या सेवेत आले आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या ताफ्यात मुंबईहून फिरू लागले. पस्तिशीतले जहाज म्हटल्यावर घरात शंका निघाल्या. पण आम्हांला त्याच्या वयापेक्षा त्याचा आकार महत्त्वाचा ठरला. लांबी २११ मीटर, आणि आजची सर्वांत मोठी प्रवासी जहाजे आकारमानाने याच्या पाचपट. केबिनपासून जेवणाच्या दालनापर्यंत आई एकदाही न बसता चालत गेली, ही गोष्ट मला कोणत्याही झगमगाटापेक्षा मोलाची वाटली. त्या काळच्या बांधणीप्रमाणे केबिन लहान आणि बाल्कनी थोड्याच केबिनना आहेत, हे मात्र मनाशी धरूनच जावे. मोठ्या बॅगा पलंगाखाली सरकवल्या की वावरायला जागा होते. न्हाणीघराच्या दाराला जहाजावर असतो तसा उंच उंबरा आहे. पहिल्याच रात्री आम्ही त्यावर पांढरा रुमाल टाकून ठेवला आणि लांबच्या प्रवासातही तोच पाठ गिरवला.

चाचणीसाठी मी मुद्दाम पुढच्या बाजूची केबिन घेतली होती. बंदरात जहाज धक्क्याला लावताना पुढच्या भागातले, जहाजाला बाजूला ढकलणारे पंखे सुरू होतात. रविवारी पहाटे ते सुरू झाले तेव्हा आईची दातांची कवळी ठेवलेली स्टीलची वाटी टेबलावर किणकिणत सरकली आणि दोघेही उठून बसले. फेब्रुवारीसाठी आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घेतली. तिथे हेलकावाही सर्वांत कमी, कारण लाटेवर टोके वरखाली होतात आणि मध्य त्या मानाने स्थिर राहतो. पाचही रात्री दोघांना झोप लागली. दोन रात्रींचा खर्च माझ्या मते इथेच वसूल झाला.

त्याहून मोठी अडचण आईच्या मनातली होती. तिचे माहेर अलिबाग तालुक्यातल्या रेवस बंदराजवळचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तो दिवस आजीच्या तोंडून ऐकतच ती मोठी झाली. जहाज सुटण्याआधीच्या सुरक्षा कवायतीत ती आपल्या ठरलेल्या जागी गेली, वर टांगलेल्या जीवनरक्षक नौकेकडे बराच वेळ पाहत राहिली आणि तिच्यावर लिहिलेली माणसांची संख्या तिने मला मोठ्याने वाचायला लावली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. असा धीर माहितीपत्रकातून देता येत नाही.

तक्रार आहे ती तिकीट काढून देणाऱ्या दलालाबद्दल. ‘सगळे धरून’ म्हणून सांगितलेल्या रकमेवर बंदर शुल्क आणि सेवा शुल्क नंतर वेगळे आकारले गेले. दुसऱ्या वेळी प्रत्येक बाब लेखी मागून घेतली.

चाचणीत न कळलेली गोष्ट लक्षद्वीपला समोर आली. शनिवार-रविवारच्या फेरीत जहाज कुठेच थांबले नव्हते. बेटांपाशी मात्र जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना जहाजाच्या कुशीतल्या दारातून छोट्या होडीत उतरावे लागते. होडी दर लाटेला हातभर वर येते, हातभर खाली जाते आणि ती वर आली की नेमका त्या क्षणी पाय टाकायचा असतो. दोन खलाशी दंडाला धरतात, तरी गुडघ्याचा विश्वास लागतो. आई दारापाशी उभी राहिली, दोन लाटा पाहिल्या आणि मागे वळली. वडील एकटे बेटावर जाऊन आले.

हे मला आधी सुचायला हवे होते, कारण या पावलाची चाचणी मुंबईतच, कितीतरी कमी पैशांत होते: भाऊच्या धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवरून रेवसच्या लाँचमध्ये पाय टाकणे. पावसाळा संपला की आईला घेऊन तीच फेरी करायची आहे. तिनेच ती सुचवली.