खुंटीला टांगलेले इंग्रजी शब्द : राजारामपुरीतील एका वर्गाचा अनुभव

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, इंग्रजीतील अवघड शब्द लक्षात ठेवायला शिकवणारा एक वर्ग चालतो. माझी भाची अभियांत्रिकीची पदवी घेऊन जीआरईची, म्हणजे परदेशी विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेची, तयारी करीत आहे, आणि मी स्वतः मराठी माध्यमाच्या शाळेत गेली वीस वर्षे इंग्रजी शिकवते. आम्ही दोघींनी मिळून या वर्गाचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड तास शिकवणी, सहाशे शब्दांची एक पुस्तिका आणि माणशी साडेचार हजार रुपये शुल्क, असा एकूण व्यवहार आहे. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे वर्गाचे नाव मी देत नाही.

सरांची सारी पद्धत ‘खुंटी’ या एका शब्दाभोवती उभी आहे. अनोळखी इंग्रजी शब्द मनात नुसता ठेवला तर घरंगळून जातो, म्हणून तो ओळखीच्या मराठी शब्दाच्या खुंटीला टांगायचा, असे त्यांचे सांगणे आहे. ‘गलिबल’ म्हणजे सहज फसणारा. तर ज्याच्या गळी काहीही उतरवता येते तो गलिबल. ‘पॉसिटी’ म्हणजे टंचाई. तर पावसाने दडी मारली की होते ती पॉसिटी. ‘गॅर्युलस’ म्हणजे अखंड बडबड करणारा. येथे सरांनी डमरू वाजवत, एका दमात बोलत सुटलेला गारुडी वर्गात उभा केला. तो शब्द मी यापूर्वी किमान चार वेळा शब्दकोशात पाहून विसरले होते. त्या संध्याकाळनंतर तो मला एकदाही शोधावा लागलेला नाही.

मराठी मुलांना ही युक्ती परकी वाटू नये, याची काळजी पहिल्याच दिवशी घेतली गेली. सरांनी फळ्यावर ‘तानापिहिनिपाजा’ एवढेच लिहिले आणि सगळा वर्ग एका सुरात इंद्रधनुष्याचे रंग म्हणू लागला. पाठोपाठ ‘कंचेभागुबेव’ आले. त्यानंतर त्यांनी वृत्तांतील तीन-तीन अक्षरांच्या गणांचे ‘यमाताराजभानसलगम’ हे सूत्र काढले, आणि माझ्यातील शिक्षिकेला मनापासून आनंद झाला. कोणताही गण घ्यावा, त्याचे अक्षर आणि पुढची दोन अक्षरे वाचावीत, की त्या गणाचा लघुगुरुक्रम आपोआप हाती येतो; ‘यमाता’ म्हटले की लघु, गुरु, गुरु असा यगण समोर उभा राहतो. आपल्या छंदःशास्त्राने इतकी नेटकी स्मरणयुक्ती आपल्याला देऊन ठेवलेली असताना इंग्रजी शब्दांपुढे आपण भांबावून का जावे, हा सरांचा प्रश्न मला पटला.

अभ्यासक्रमातील सर्वांत चांगली संध्याकाळ मात्र खुंटीची नव्हती, तर शब्दांच्या कुळाची होती. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि वर्गाला येताना प्रत्येकाने रस्त्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेला ट्रॅक्टर पाहिलेलाच होता. सरांनी फळ्यावर तोच काढला आणि ‘ओढणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हे नाव आले आहे, असे सांगितले. मग एकेक ट्रॉली जोडत गेले. शब्द मागे ओढून घेणे म्हणजे ‘रिट्रॅक्ट’, लांबत ओढले गेलेले ते ‘प्रोट्रॅक्टेड’, एखाद्याच्या मोलातून काही ओढून कमी करणे म्हणजे ‘डिट्रॅक्ट’, वळवावे तसे वळणारा ‘ट्रॅक्टेबल’ आणि काही केल्या न वळणारा ‘इन्ट्रॅक्टेबल’. एका ओळखीच्या वाहनामागे पाच शब्द आले. या पाठाचे मोल खुंटीपेक्षा मोठे आहे असे मी मानते, कारण खुंटी ही आपण लावलेली असते, तर कूळ हे त्या शब्दाचे स्वतःचे असते आणि म्हणून ते अर्थाशी प्रतारणा करीत नाही. ‘एनर्वेट’ हा शब्द ऐकताना अंगात बळ आल्यासारखा वाटतो, पण ‘स्नायू काढून घेणे’ हे त्याचे मूळ कळले की तो दुर्बल करण्याचा शब्द आहे हे पुन्हा चुकत नाही. दंत आणि ‘डेंटल’, मर्त्य आणि ‘मॉर्टल’, अमृत आणि ‘अँब्रोजिया’ ही नाती तर संस्कृतातून आलेल्या आपल्या शब्दांमुळे आपल्याला जवळजवळ फुकटच मिळतात. असे पाठ अवघे चारच झाले, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पुस्तिकेत ‘मिटिगेट’ या शब्दाला ‘मिटणे’ ही खुंटी दिलेली होती. खुंटी पक्की होती, शब्द लगेच पाठ झाला, आणि दुसऱ्या महिन्यातील सराव परीक्षेत त्यानेच भाचीचा घात केला. धरणाचे पाणी वेळेवर सोडल्यामुळे पुराचा धोका काय झाला, अशी गाळलेली जागा होती आणि वाक्याच्या उत्तरार्धात तो पुरता नाहीसा झालेला नव्हता असे स्पष्ट म्हटले होते. पर्यायांत ‘मिटिगेट’ समोर असूनही तिने तो सोडला, कारण तिच्या मनात त्याचा अर्थ ‘मिटवून टाकणे’ असा रुजला होता. त्याचा खरा अर्थ तीव्रता कमी करणे एवढाच आहे. जीआरईमधून २०११ साली विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसंबंधांचे सुटे प्रश्न गेले आणि शब्दांची परीक्षा वाक्यातील रिकाम्या जागांतून होऊ लागली. त्यामुळे अर्थाची अशी एका छटेची चूकही तेथे महाग पडते. प्रत्येक खुंटीखाली तो शब्द वापरलेली दोन पूर्ण वाक्ये असती, तर ही चूक झाली नसती. पुस्तिकेत वाक्ये नाहीत.

उच्चारांकडेही दुर्लक्ष होते. मराठी ध्वनीच्या ओढीने ‘हायपरबली’चा ‘हायपरबोल’ होतो आणि वर्गात तो कोणी दुरुस्त करीत नाही.

उजळणीची व्यवस्था तर जवळजवळ नाहीच. खुंटीची पद्धत खरोखर उपयोगी आहे, याविषयी शंका नको. स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, याच पद्धतीने १२० रशियन शब्द शिकलेल्या विद्यार्थ्यांना ७२ टक्के शब्द आठवले, तर इतरांना ४६ टक्के. पण सहा आठवड्यांनी अचानक घेतलेल्या परीक्षेत हे आकडे ४३ आणि २८ वर आले. खुंटीवाले तेव्हाही पुढेच होते, तरी त्यांचेही निम्म्याहून अधिक शब्द निसटलेले होते. आमचे सर मात्र एकदा शिकवलेल्या शब्दाकडे सहसा परत वळत नाहीत. म्हणून आम्ही घरी चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले आणि जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेली पद्धत धरली : बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकलेले पहिल्या कप्प्यात परत येते, आणि कप्पा जितका पुढचा तितकी त्याची पाळी उशिरा येते. शेवटच्या आठवड्यापर्यंत भाचीची चारशेहून अधिक कार्डे पाचव्या कप्प्यात पोचली होती. या यशात वर्गाचा वाटा मोठा आहे, पण खोक्याचा त्याहून मोठा आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

मराठी माध्यमातून शिकलेल्या, इंग्रजी शब्दांची भीती मनात घेऊन बसलेल्या मुलामुलींनी या वर्गाला अवश्य जावे, कारण ती भीती पहिल्या दोन आठवड्यांत जाते. ज्यांचे इंग्रजी वाचन आधीच चांगले आहे आणि ज्यांना केवळ छटांमधील भेद हवे आहेत, त्यांना साडेचार हजार रुपये जास्त वाटतील. प्रवेश घेताना चाळीस जणांची संध्याकाळची तुकडी टाळून सकाळची लहान तुकडी मागावी.

‘मिटिगेट’ची चूक मी शेवटच्या आठवड्यात सरांच्या कानावर घातली. त्यांनी ती तिथल्या तिथे मान्य केली आणि वर्गाकडे नवी खुंटी मागितली. थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग भाचीने हात वर केला आणि म्हणाली, “सर, मिठी. कोणी मिठी मारली म्हणून दुःख संपत नाही, थोडं हलकं होतं.” सरांनी आपल्या पुस्तिकेतील ‘मिटणे’ पेनाने खोडले आणि शेजारी ‘मिठी’ लिहिले.