डहाणूजवळची रानभाजी फेरी: जाणार असाल तर आधी हे वाचा

बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. डहाणूच्या पूर्वेला एका वारली पाड्यावरच्या बचत गटाच्या बायका पावसाळ्यात रविवारी रानभाजी फेरी काढतात. माणशी सहाशे रुपये, त्यात सकाळचा चहा, तीन-चार तास रानात फिरणं आणि दुपारचं जेवण. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच. पण एक आधीच क्लिअर करते, ही पिशवी भरून आणायची ट्रिप नाहीये. पाहुण्यांनी रानात काहीही तोडायचं नाही हा इथला पहिला नियम आहे, सकाळी चहा घेतानाच सांगतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की या नियमामुळेच ही फेरी बाकीच्यांपेक्षा वेगळी ठरते.

फेरी नेणाऱ्या आजी फार बोलत नाहीत. वाटेत मध्येच थांबतात, खाली बसतात आणि मग आपणही बसायचं. पहिल्यांदा बसलो ते कोळीच्या भाजीपाशी. आपल्याकडे वसईच्या बाजारात हीच किंवा हिच्यासारखी दिसणारी फोडशी म्हणून, कुलू म्हणून मिळते, पहिल्या पावसानंतर गवतासारखी लांब पानं वर येतात ती. वारली घरांमध्ये ही भाजी देवाला दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही, त्याचा सणच असतो, आणि तो होईपर्यंत ती कितीही कोवळी दिसली तरी थांबायचं. आजी म्हणाल्या, "आधी त्याला, मंग आपल्याला." एवढंच. मला तिथे बसल्या बसल्या जाणवलं की या थांबण्यात रोपाला केवढी सवड मिळते, जमिनीतून वर आल्या आल्या कोणी ओरबाडत नाही, पान जरा मोठं होतं, मूळ धरतं. सण झाल्यावरसुद्धा पान वरच्यावर खुडायचं, मूळ जमिनीतच राहिलं पाहिजे. याच कुळातल्या सफेद मुसळीची काय गत झाली बघा, ताकदीच्या औषधांसाठी तिची मुळं इतकी खणून नेली की कित्येक रानांतून ती दिसेनाशी झाली. पान खाणाऱ्यांनी ती संपवली नाही, मुळावर भाव लावणाऱ्यांनी संपवली.

शेवळं बघायची असतील तर जूनमध्येच जा, जुलै लागला की संपत येतात. बाजारात जुडी बघणं वेगळं आणि पालापाचोळ्यातून पानाबिनाशिवाय सरळ वर आलेला तो जांभळट तपकिरी दांडा बघणं वेगळं. आजींनी एकच काढला, तोसुद्धा जमिनीच्या जरा वरून, आणि बोटाने माती सारून खालचा कांदा दाखवला, मग माती परत दाबून टाकली. तीन शेवळं जवळजवळ होती त्यातली दोन ठेवली, कारण फुलं सगळीच नेली तर बी कुठून धरणार, आणि पान तर फुलाच्या नंतर येतं. मग तिथेच दगडावर बसून साफ कसं करायचं ते दाखवलं, बाहेरचं सोलून घ्यायचं, आतला पिवळा भाग टाकायचा, नाहीतर घसा असा खाजतो की विचारू नका, आणि सोबत काकडं हवीतच, ती आंबट हिरवी फळं. आमच्याकडे घरी आई काकडं मिळाली नाहीत तर चिंच घालते, ते आजींना फारसं पटलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं 😊

कडूकंदाचं, म्हणजे वेलाखाली जमिनीत येणाऱ्या रानकंदाचं, तर मला फारच आवडलं. कच्चा खाल्ला तर बाधतो, म्हणून काप करून उकडायचे, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचे, कडूपणा पाण्याबरोबर निघून जातो. आणि खणताना वेलाकडचं टोक कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचं. हे सांगायला त्यांना कुठलं पोस्टर लागलं नाही, हाताला सवयच ती. वारल्यांच्या लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढतात ते चित्र, पाहिलाय का कधी? मधोमध पालघाट देवी असते, झाडापानांची, सुफळतेची देवी, तिला लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. धान्याची देवी कणसरी. भात नवा आला तरी आधी तिला. म्हणजे झाडं ही घरातल्या कार्याला बोलवायची माणसं आहेत त्यांच्यासाठी, आणि मला वाटतं तिथूनच हा सगळा आदर येतो, नियम पाठ करून येत नाही. माझं आजोळ सिंधुदुर्गातलं, तिथेही देवराईतलं झाड तोडायचं तर देवाला कौल लावतात, त्यामुळे मला हे परकं वाटलंच नाही.

आता अर्धा मार्क कुठे गेला ते. बुकिंग बघणारा शहरातून येणारा एक कोऑर्डिनेटर आहे, मुलगा कामसू आहे, पण आजी बोलायला लागल्या की मध्ये पडून "टाकळा शुगरला बेस्ट, भारंगी दम्याला बेस्ट" असं सुरू करतो. कृपा करून हे बंद करा. एक तर दावे असे हवेत सोडू नयेत, लोक घरी जाऊन प्रयोग करतात, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक पान आपल्या कुठल्या आजाराच्या कामाचं एवढंच बघायचं असेल तर मग रानात कशाला जायचं. ज्या बाईने चाळीस पावसाळे हे रान पाहिलंय तिला बोलू द्या. शिवाय ग्रुप फार मोठा होता, मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं, आणि रीलसाठी एकाने एक रोप मुळासकट उपटलं तेव्हा कोऑर्डिनेटर गप्प राहिला. आजींनीच ते त्याच्या हातातून घेऊन परत लावलं. मला खूप राग आला होता, अजूनही आहे. दहा-बारा जणांच्या वर घेऊच नका, पैसे वाढवा हवं तर, आम्ही देऊ.

काही जण नाराज होते की पैसे देऊनही भाजी तोडू देत नाहीत. अहो, हे रान त्यांच्या पोटाचं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून रानात जे येतं त्याच्यावरचा, हक्क रानात राहणाऱ्यांना दिलाय, आपण पाहुणे आहोत. भाजी हवी तर परत आल्यावर गटाच्या बायकांकडे जुड्या मिळतात, त्या घ्या आणि घासाघीस करू नका. टाकळा दोन रुपये स्वस्त पडला म्हणून आपलं काही भलं होत नाही.

जेवण साधं आणि फार चवदार. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, शेवळं-काकडं, टाकळ्याची सुकी भाजी, ज्यांना चालतं त्यांना सुकट. पळसाच्या पत्रावळीवर. भाजीत तेल कमी, लसूण भरपूर.

जायचं कसं: विरारहून पुढची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, तिथून शेअर रिक्षा, रिक्षेचं आधी ठरवून ठेवा कारण रविवारी कमी असतात. पायात पकड असलेली चप्पल किंवा बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, छत्रीऐवजी रेनकोट, आणि पाण्याची बाटली घरून. रेंज येत नाही. छोटी मुलं न्या, पण आधी घरी सांगून ठेवा की हात लावायच्या आधी आजींना विचारायचं. ज्यांना रविवार जमत नाही त्यांच्यासाठी, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे कर्टुली आणि भारंगी आरामात मिळते आणि बायकांशी बोलताही येतं, पण गर्दीच्या आधी सकाळीच जा. फेरीचं बुकिंग आठवडाभर आधी करा आणि फोनवर विचारून घ्या की आजी स्वतः येणार आहेत का, त्या नसतील तर पुढचा रविवार घ्या.