उपाशी डे गेको आणि फळभुकटी: तीन आठवड्यांच्या वापरानंतर

फेल्सुमा लॅटिकॉडा जातीच्या डे गेकोची, म्हणजे दिवसा वावरणाऱ्या पालीची, दोन पिल्ले घरी आणल्यावर पहिले सहा दिवस त्यांनी अन्नाला तोंडही लावले नाही, तेव्हा सातव्या दिवशी मी पाण्यात कालवून देण्याची तयार फळभुकटी मागवली. या पाली निसर्गात किड्यांबरोबरच फुलांतला मध, पराग आणि पिकलेली फळेही चाटतात, त्यामुळे अशा खाद्याची कल्पना मुळात योग्यच आहे. पिकलेल्या केळ्यासारखा वास इतका चांगला आहे की क्षणभर मलाच बोट बुडवून चाखावेसे वाटले.

पहिला प्रयत्न मात्र पूर्ण फसला, आणि त्यात भुकटीचा दोष नव्हता. वाटी मी काचेच्या पेटीच्या तळाशी ठेवली होती आणि ही जात वर, उभ्या बांबूवर राहणारी. वाटी दिव्याजवळच्या बांबूला उंचावर अडकवली आणि ज्या वाटेने पाल रोज खाली-वर करत असे तिथे ब्रशने एक थेंब लावून ठेवला, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तो थेंब नाहीसा झालेला होता आणि वाटीतल्या लगद्यावर जिभेचे बारीक ओरखडे उमटले होते. पाठोपाठ काचेवर पांढऱ्या टोकाची विष्ठाही दिसली. तिला पाहून एवढा आनंद होईल असे मला कधी वाटले नव्हते.

तरीही सगळे श्रेय या डबीला देणे अन्यायाचे ठरेल. दिव्याखालची जागा जेमतेम २७ अंशांवर होती, ती मी ३१ अंशांपर्यंत आणली, कारण अंग पुरेसे तापल्याशिवाय या प्राण्यांना अन्न पचवता येत नाही. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकल्या, आणि या पाली वाटीतल्या पाण्यापेक्षा पानांवरचे थेंब पिणे पसंत करतात म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारला. एवढे करूनही धाकटी उपाशीच होती, कारण थोरली तिला वाटीपाशी फिरकूच देत नव्हती. वेगळ्या पेटीत हलवल्यावर तिसऱ्या दिवशी तीही खाऊ लागली.

उणिवाही आहेत. पाकिटावरच्या प्रमाणाने कालवले तर गुठळ्या राहतात, आणि दिव्याच्या उष्णतेने काही तासांतच वर साय धरते, म्हणून मी पाणी किंचित वाढवते आणि उरलेले रोज टाकून देते. ‘संपूर्ण आहार’ हा दावा माझ्या मते जरा फुगवलेला आहे. मी आठवड्यातून दोनदा कॅल्शियम लावलेले बारीक नाकतोडे देते आणि यूव्हीबी (अतिनील किरण देणारा) दिवा चालूच ठेवते. पाल खात नाही म्हणून तिला हातात धरून तोंडात थेंब घालण्याचा मोह कुणी करू नये, कारण हिची त्वचा कागदासारखी फाटते. शेपटीचे बूड बारीक होऊन कंबरेची हाडे दिसू लागली, तर भुकटीची वाट पाहत बसण्यापेक्षा ताजी विष्ठा घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण जंतांवर हे खाद्य काहीही करू शकत नाही.

पुढच्या वेळी हीच भुकटी घेईन, पण लहान डबी. दोन पालींना मोठी महिनोन्‌महिने संपत नाही.