ज्येष्ठांसाठीची प्रथिन पावडर: तीन महिन्यांच्या वापरानंतर

आईचे वय ७२ आणि वजन ६० किलो. वर्षभरात तिचे जेवण कमी होत गेले आणि खुर्चीतून उठताना तिला हाताचा आधार लागू लागला, म्हणून 'साठीनंतरच्या ताकदीसाठी' अशी जाहिरात असलेली प्रथिन पावडर आम्ही आणली. तीन महिन्यांत दोन डबे संपले. उत्पादन अगदीच टाकाऊ नाही, पण ज्या गुणासाठी ते विकले जाते, नेमका तोच त्यात सर्वांत कमी आहे, असे माझे मत झाले आहे.

डब्याच्या दर्शनी भागावर एका पेल्यामागे १४ ग्रॅम प्रथिने असल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे. मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचल्यावर कळते की हा आकडा दुधासह आहे. ३० ग्रॅमच्या एका मापात प्रत्यक्षात ८ ग्रॅमच प्रथिने आहेत आणि उरलेली दुधाची आहेत. आई पावडर पाण्यात घेत होती, त्यामुळे दिवसाच्या दोन पेल्यांतून तिला २८ नव्हे, तर १६ ग्रॅम मिळत होती. निरोगी प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात, मात्र उतारवयात स्नायू प्रथिनांना पूर्वीइतका प्रतिसाद देत नसल्यामुळे पोषणतज्ज्ञांचे गट हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढवण्यास सांगतात. आईच्या वजनाला ते ६० ते ७२ ग्रॅम होते. स्नायूंच्या बांधणीला चालना मिळावी म्हणून एका वेळच्या खाण्यात २५ ते ३० ग्रॅम प्रथिने असावीत, असेही सुचवले जाते. त्या मानाने ८ ग्रॅमचा पेला फारच तोकडा आहे.

साखरेचे गणित याहून वाईट. एका मापात ९ ग्रॅम, म्हणजे दिवसाला १८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मुक्त साखर (म्हणजे वरून घातलेली, तसेच मध आणि फळांच्या रसातली साखर) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. दिवसाला १६०० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी ही ५ टक्क्यांची मर्यादा २० ग्रॅमवर येते, आणि ती या दोन पेल्यांतच जवळजवळ संपते.

जमेची बाजू बी-१२ जीवनसत्त्वाची आहे. वाढत्या वयात अनेकांच्या जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील प्रथिनांना जखडलेले बी-१२ नीट सुटे होत नाही. पावडरमध्ये मिसळलेले बी-१२ आधीच सुटे असल्याने त्याला आम्लाची गरज पडत नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी पडू शकते, त्यामुळे ही भर उपयोगाची आहे. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमही ठीकठाक आहे. चव बरी, पण कोमट पाण्यात गुठळ्या राहतात.

पहिल्या महिन्यातील चूक मात्र आमचीच होती. रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास आई पेला घ्यायची आणि मग 'पोट भरलंय गं' म्हणून ताटातले अर्धे तसेच ठेवायची. जेवणात भर घालायला आणलेली पावडर जेवणाचीच जागा घेऊ लागली होती. दोन जेवणांच्या मधली वेळ ठरवल्यावर हे थांबले. डब्यावर 'दिवसातून दोनदा' एवढेच लिहिले आहे. वेळेबद्दल एक ओळ छापायला काय हरकत होती? मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे, ही सूचनाही इतकी बारीक छापली आहे की ज्यांच्यासाठी ती आहे, त्यांना ती चष्म्यानेही वाचता येणार नाही.

तीन महिन्यांत आईचे वजन एका किलोने वाढले आणि खुर्चीतून ती आता बहुतेक वेळा आधाराशिवाय उठते. त्याचे श्रेय मी डब्याला देणार नाही, कारण याच काळात तिने रोज खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम सुरू केला आणि न्याहारीत दूध व अंडी वाढवली.

ज्यांना चावता येत नाही, किंवा आजारपणानंतर ज्यांची अन्नावरची वासना उडाली आहे, त्यांनी ही पावडर दुधातून, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे घ्यायला हरकत नाही. मधुमेह असल्यास साखर न घातलेला दुसरा पर्याय शोधावा. आम्ही तिसरा डबा आणलेला नाही. आणि हो, डब्याचे झाकण इतके घट्ट आहे की हाताची पकड सैल झालेल्या माणसाला ते उघडता येत नाही. आईला प्रत्येक वेळी मला हाक मारावी लागत होती.