बारा महिने टॅक्सचं काम स्वतः केलं: चोपड्यातल्या दुकानदाराचा अनुभव

चोपड्यात माझं ठिबक आणि पाइप फिटिंगचं दुकान आहे, गावाकडे चार एकर केळी आणि रस्त्यालगत भाड्याने दिलेलं एक गोडाऊन. इतकी वर्षं जुलै लागला की पिशवीभर कागद नेऊन द्यायचे आणि सांगतील तिथे सही करायची, एवढंच मला ठाऊक होतं. एप्रिल २०२५ पासून मात्र सगळं स्वतः हाताळलं. आयकराचं पोर्टल, एआयएस (आपल्या व्यवहारांचं आयकर खात्याकडचं वार्षिक पत्रक), जीएसटीचं कंपोझिशन (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची ठोक दराची योजना), सगळंच. मार्च २०२६ संपत आलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठा धडा केळीने दिला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आबांनी तर मला फॉर्म भरताना पाहून विचारलंच, "केळीवर टॅक्स नही, मंग कसाले दखाडनं?" दाखवायचं, कारण दुकानाच्या टॅक्सचा दर ठरवताना ते धरलं जातं. गोल आकड्यात सांगतो. २०२४-२५ साठी टॅक्सच्या नव्या पद्धतीत (न्यू रेजीम) दुकान आणि भाडं मिळून आठ लाख असतील, तर सेस सोडून टॅक्स ३०,००० होतो. त्यात केळीचे निव्वळ तीन लाख धरले की अकरा लाखांवरचा ६५,००० काढायचा आणि शेतीचे तीन अधिक करमाफ मर्यादेचे तीन, अशा सहा लाखांवरचा १५,००० वजा करायचा. राहिले ५०,०००. केळीवर एक रुपया लागला नाही, पण केळीमुळे वीस हजार वाढले. हे आधी कळलं असतं तर रोपं, खत, मजुरी यांच्या पावत्या मी कधीच फेकल्या नसत्या, कारण धरायचं असतं ते खर्च वजा जाऊन उरलेलं उत्पन्न.

त्यातच फॉर्मचा घोळ. आयकराच्या ४४एडी कलमाखाली, म्हणजे विक्रीच्या ठराविक टक्क्याने, अंदाजे नफा दाखवणाऱ्या दुकानदाराला सुगम, म्हणजे आयटीआर-४, चालतो. पण शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेलं की तो बंद, आयटीआर-३ भरावा लागतो. आपल्याकडे किती दुकानदारांचं वावर पाच हजारांच्या आत असेल? शेतीचं उत्पन्न पाच लाखांवर गेलं तर आणखी माहिती मागतात: जिल्हा, पिनकोड, जमीन किती, स्वतःची की कसायला घेतलेली, बागायत की जिरायत. माझ्या सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर, फॉर्मला हवेत एकर. आकडेमोड करून ४ लिहिले तेव्हा जरा बरं वाटलं.

एआयएसबद्दल मनापासून सांगतो, रिटर्न भरायच्या आधी ते उघडाच. एफडीचं व्याज, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला टॅक्स), बचत खात्यात वर्षात दहा लाख किंवा जास्त रोख भरली असेल तर तीही, सगळं तिथे दिसतं. केळीचे पैसे रोखीने येत असतील तर काटा पावती आणि व्यापाऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) सांभाळा. आणि एकाच सौद्याचे दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊच नका, ते कायद्यातच बसत नाही.

गोडाऊनचं भाडं महिना २२,०००. भाडेकरू कंपनी २०२४-२५ मध्ये त्यातून दहा टक्के, म्हणजे २,२०० कापायची. जूनमध्ये २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सचं पत्रक, काढलं तर तीनच तिमाह्या. जानेवारी ते मार्चचे ६,६०० गायब! फोनवर फोन केल्यावर कळलं की त्यांनी माझ्या पॅनमधलं एक अक्षर चुकवलंय. आपल्याला यात काही दुरुस्त करता येत नाही, कापणाऱ्यानेच सुधारित विवरण भरावं लागतं. ऑगस्टमध्ये आकडा दिसला आणि मगच मी रिटर्न भरलं. त्या वर्षी मुदत १५ सप्टेंबरपर्यंत, पुढे आणखी एक दिवस वाढली होती, म्हणून निभावलं. आता दर तिमाहीला २६एएस बघतो, पाच मिनिटांचं काम आहे.

रिटर्न भरायला तीन संध्याकाळी गेल्या. दुकानातला माल, उधारी, देणी आणि रोकड यांचे आकडे ३१ मार्चचे लागतात. मी ते ऑगस्टमध्ये आठवत बसलो. यंदा ३१ मार्चला रात्री शटर ओढून माल मोजणार आहे. भरल्यावर आधारच्या ओटीपीने पडताळणी तीस दिवसांत करायची, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. शिवाय मार्च २०२५ च्या १५ तारखेला ॲडव्हान्स टॅक्स भरला नव्हता, त्याचं व्याज वेगळं लागलं. ४४एडीवाल्यांना चार हप्ते नाहीत, तो एकच दिवस.

कंपोझिशन सोपं वाटलं. विक्रीवर एक टक्का खिशातून द्यायचा, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ फॉर्म भरून टॅक्स द्यायचा, आणि वर्षाचं रिटर्न जीएसटीआर-४ हे ३० जूनपर्यंत. व्यवसाय कराचे अडीच हजारही ३० जूनलाच.

यंदा, २०२५-२६ साठी, नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत रिबेट (टॅक्समाफी) आहे. बाजारपेठेत तीन-चार जणांनी मला सांगितलं, "मग आता रिटर्न कशाला?" भाऊ, टॅक्स शून्य आला तरी उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं. दुकानाचं कर्ज मागायला गेलात की बँक पहिल्यांदा तेच मागते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपण भरणार ते रिटर्न २०२५-२६ चं, म्हणून जुन्याच कायद्याने. त्याची फाइल मी आत्ताच उघडली आहे, आणि मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) पट्ट्या त्यात तारखेने लावून ठेवल्या आहेत.